मे महिन्यात तळकोकणात दशावतार पाहायचाय? आधी रात्री ठरवा, मग दिवस

एप्रिल लागला की कुडाळ-सावंतवाडीकडे राहणाऱ्या माणसाला मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. "आम्ही अमुक तारखेला मालवणात आहोत, हॉटेल बुक झालंय, दिवसभराचं सगळं ठरलंय. एखाद्या रात्री दशावतार बघायला मिळेल का?" या प्रश्नाला बहुतेक वेळा नाही म्हणावं लागतं, आणि त्याचं वाईट वाटतं. कारण त्या रात्री नाटक असतं, पण ते पाहुण्यांच्या मुक्कामापासून दीड तासावर असतं. किंवा पाहुणे दिवसभर स्कूबा, बोट आणि उन्हाने इतके दमलेले असतात की दहाच्या आत झोपून जातात. किंवा त्यांची परतीची गाडी पहाटेची असते.

चूक एकच आणि तीही क्रमाची. दशावतार ही रात्रीची लोकनाट्यकला आहे, ती वाडीत आणि देवळापुढे होते, तिचं तिकीट कुठल्या ॲपवर मिळत नाही. तेव्हा आधी रात्री ठरवाव्या लागतात, त्यावरून मुक्काम आणि उरलेल्या जागेत दिवसाचे बेत. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. चार-पाच दिवसांची सुट्टी धरली आहे. दिवसा पाहायला याच पट्ट्यात पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गायची-सांगायची कथा), सावंतवाडीची गंजिफा (रंगवलेले गोल पत्ते) आणि लाकडी खेळणी आहेत.

टप्पा १ : आठवडा निवडा

मोठ्या जत्रा उन्हाळ्यात नसतात, हे आधी लक्षात घ्या. जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि आंगणेवाडी, कुणकेश्वर यांसारख्या मोठ्या जत्रा हिवाळा सरता सरता आटोपलेल्या असतात. मे महिन्यात "जत्रा कुठे आहे?" असं विचारत फिरलात तर हाती काही लागणार नाही.

या दिवसांत नाटकं होतात ती वेगळ्या निमित्ताने : देवळाचा वर्धापनदिन, वाडीची सत्यनारायणाची पूजा, एखाद्या मंडळाचा वार्षिक कार्यक्रम, कुणाच्या घरचा नवस. चाकरमानी गावी आलेले असतात, म्हणून हे कार्यक्रम मुद्दाम सुट्टीत घेतले जातात. मृग जवळ आला की दशावतारी मंडळं पेट्या बंद करतात आणि त्यातले बरेच कलाकार शेतीच्या कामाला लागतात.

माझ्या मते १५ एप्रिल ते २० मे हा उत्तम काळ. त्यानंतर तीन गोष्टी आडव्या येतात. पाऊस लवकर येऊ शकतो. २०२५ मध्ये तर २५ मे रोजीच मान्सून सिंधुदुर्गात दाखल झाला होता. दुसरं म्हणजे मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा साधारण २६ मेपासून पावसाळ्यासाठी बंद होतात. तिसरं, १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताज्या मासळीच्या आशेने आलेल्यांची निराशा होते.

*तपासून पाहा :* गेल्या वर्षी अमुक देवळात १२ मेला नाटक होतं, म्हणून यंदाही १२ मेलाच असेल असं धरू नका. वर्धापनदिन बऱ्याच ठिकाणी तिथीने होतो. कालनिर्णय काढा, गेल्या वर्षीच्या तारखेची तिथी बघा आणि ती यंदा कधी येते ते पाहा. तारीख सहज दहा-वीस दिवस पुढेमागे होते.

टप्पा २ : मुक्काम समुद्रावर नको, मधोमध हवा

तारकर्ली किंवा मालवणला राहिलात तर समुद्र दारात मिळतो, पण दशावताराचा दाट पट्टा म्हणजे कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला हे तीन तालुके आणि आजूबाजूचा भाग. मालवणकडेही नाटकं होतात, नाही असं नाही. पण रात्री बारा-एक वाजता अनोळखी अरुंद रस्त्याने चाळीस-पन्नास किलोमीटर परत यायचं, हा बेत कागदावरच बरा दिसतो.

माझी पसंती कुडाळला, किंवा कुडाळ-सावंतवाडीच्या मधल्या एखाद्या गावातल्या घरगुती मुक्कामाला. तिथून पिंगुळी अगदी जवळ, सावंतवाडी आणि वेंगुर्ला दोन्हीकडे साधारण वीस-पंचवीस किलोमीटर. समुद्र पाहायला वेंगुर्ला, निवती, भोगवे आहेतच. शिवाय घरगुती मुक्कामाचा मोठा फायदा पुढे टप्पा ४ मध्ये कळेल.

खोली घेताना मालकांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. रात्री उशिरा परतलो तर फाटक कोण उघडेल? दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता दहानंतर मिळेल का? रात्री नेऊन-आणून सोडणारा ओळखीचा रिक्षावाला किंवा गाडीवाला आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आलं आणि तुमची स्वतःची गाडी नसली, तर दुसरं घर शोधा. रात्री अकरानंतर रस्त्यावर उभं राहून या भागात वाहन मिळत नाही.

टप्पा ३ : गाडीचं तिकीट

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. उदाहरणार्थ, ३ मेच्या गाडीचं आरक्षण ४ मार्चला सकाळी ८ वाजता उघडतं. मे महिन्यातल्या कोकण रेल्वेच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात. जातानाचं काढलं की येतानाचं त्याच्या दिवशी पुन्हा सकाळी ८ वाजता बसून काढा; "नंतर बघू" म्हटलं की पुढे तात्काळ तिकिटासाठी धावाधाव होते. ते ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं लागतं, हेही आधीच करून ठेवा.

*सावधान :* दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसची तारीख नीट पाहा. ती मध्यरात्र उलटल्यावर लगेच सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. शुक्रवारचं काढलेली कुटुंबं फलाटावर आली की गाडी आदल्या रात्रीच गेल्याचं कळतं, आणि मे महिन्यात ती जागा पुन्हा मिळत नाही.

उतरायचं कुठे? कुडाळला राहणार असाल तर कुडाळ. सावंतवाडी रोड स्थानक शहरात नाही, मळगावला आहे. तिथून शहरात यायला रिक्षा किंवा एसटी घ्यावी लागते. विमानाने येणाऱ्यांना चिपी आणि गोव्यातलं मोपा हे दोन्ही पर्याय आहेत. सावंतवाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना मोपा सोयीचं पडतं.

आल्या दिवशीची रात्र मोकळी ठेवा. प्रवासाच्या थकव्यात बघितलेलं नाटक अंगी लागत नाही.

टप्पा ४ : नाटक शोधा

बहुतेक जणांचं गणित इथेच चुकतं, म्हणून इथे जरा थांबतो.

इंटरनेटवर "दशावतार शो मे" असं शोधलंत तर जुने व्हिडिओ सापडतील. वाडीतल्या कार्यक्रमाची बातमी तिथवर पोचत नाही. ती पोचते चार जागी, आणि चारही जागी पाहावं.

पहिली जागा म्हणजे मंडळं स्वतः. बहुतेक नावाजलेली दशावतारी नाट्यमंडळं आता महिन्याचे प्रयोग आपल्या फेसबुक पानावर किंवा व्हॉट्सॲपवर टाकतात. निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस ही पानं बघायला लागा. मंडळाच्या व्यवस्थापकाचा क्रमांक तिथेच असतो. फोन केलात तर सभ्यपणे आणि दुपारी करा. सकाळी ही माणसं रात्रीची झोप काढत असतात.

दुसरी जागा स्थानिक दैनिकं. त्यांच्या सिंधुदुर्गच्या पानांवर कुठल्या गावात कसली पूजा, रात्री कुठल्या मंडळाचं नाटक, अशा दोन-तीन ओळींच्या बातम्या रोज असतात. कुडाळच्या बसस्थानकावर सकाळी पेपर घ्या आणि मोठ्या बातम्या सोडून त्या बारीक ओळी वाचा.

तिसरी जागा तिठ्यावरचे फलक. गावात शिरण्याच्या वळणावर, किराणा दुकानाच्या भिंतीवर.

चौथी आणि सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे तुमच्या मुक्कामाच्या घरची माणसं. आल्या आल्या विचारा, "रात्री खंय नाटक आसा?" इथे "दशावतार शो" असं कुणी म्हणत नाही, नाटक किंवा धयकालो म्हणतात. घरातल्या आजींना, नारळ पाडायला येणाऱ्याला, मासेवालीला कुणाच्या वाडीत काय आहे ते ठाऊक असतं. आणि बहुतेकदा पत्त्यासोबत "येवा, जेवकच येवा" असं आमंत्रणही मिळतं.

एखादं नाटक सापडलं की पाच गोष्टी लिहून घ्या : गाव, वाडी, देवळाचं किंवा घराचं नाव, मंडळाचं नाव आणि वेळ. वाडीचं नाव सोडू नका. देऊळवाडी, गावठणवाडी, भटवाडी या नावाच्या वाड्या गावोगाव आहेत. नुसतं "भटवाडीत नाटक" ऐकून नकाशात पहिली दिसलेली भटवाडी लावून निघालात, तर भलत्याच गावच्या काळोखात जाऊन उभे राहाल.

त्यानंतर सहावा प्रश्न, जो नवखे विचारतच नाहीत : "आड दशावतार आहे का, की थेट आख्यान?" नाटकाचे दोन भाग असतात. आड दशावतार, म्हणजे पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळवणारा काळ्या मुखवट्याचा संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू येतात. नंतर आख्यान, म्हणजे त्या रात्रीचं मुख्य पौराणिक नाटक. मे महिन्यातल्या वाडीच्या प्रयोगांत वेळ कमी असला की पूर्वरंग आटोपता घेतात किंवा गाळतात. मुलं बरोबर असतील तर पूर्वरंग असलेलाच प्रयोग शोधा. संकासुर मालवणीत बोलतो, गावातल्या माणसांना नावानिशी चिमटे काढतो, आणि लहान मूल त्याला घाबरून आईला बिलगतं न बिलगतं तोच हसायला लागतं.

फलकावर "ट्रिकसीन" किंवा "संयुक्त दशावतार" असे शब्द दिसतील. ट्रिकसीन म्हणजे प्रकाश, धूर, यांत्रिक चमत्कार असलेलं नाटक. संयुक्त म्हणजे वेगवेगळ्या मंडळांतले नामवंत कलाकार एका रात्रीपुरते एकत्र. दोन्हींना गर्दी होते. तरी पहिल्यांदा पाहणाऱ्याने एकाच मंडळाचं पारंपरिक नाटक बघावं, असं मी आग्रहाने सांगतो. या कलेत लिहिलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरलेला, संवाद मात्र उभ्या उभ्या, समोरच्याचं वाक्य झेलून बोलायचे. वर्षानुवर्षं एकत्र फिरलेल्या मंडळात ही देवाणघेवाण जशी रंगते तशी ती धुराच्या मागे दिसत नाही.

*तपासून पाहा :* नाटकाच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा फोन. पाऊस, गावात झालेला मृत्यू, कलाकाराची तब्येत, कशानेही कार्यक्रम रद्द होऊ शकतो. हाताशी दुसऱ्या गावातलं एक नाटक ठेवा.

खास आपल्यासाठी रिसॉर्टवर अर्ध्या तासाचा प्रयोग ठेवता येईल का, असंही विचारलं जातं. करू नका. तुम्हाला एक नाच आणि एक लढाई दिसेल, नाटक दिसणार नाही. घरच्या पूजेला खरोखर पूर्ण नाटक ठेवायचं असेल तर होळीच्या आसपासच मंडळाशी बोलून तारीख पक्की करा. मे महिन्यातल्या तारखा लवकर जातात.

टप्पा ५ : दिवस अर्धाच भरा

रात्री नाटक असेल त्या दिवशी दुपारी दोन ते पाच झोप. याला पर्याय नाही. सकाळचे तीन-चार तास आणि संध्याकाळचा एखादा तास एवढाच वेळ हाती धरा.

पिंगुळीला एक सकाळ पूर्ण द्या. गुढीपूर भागात ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे यांनी तिथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' उभं केलं. घरच्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय आहे. लोक चुकतात ते असं : वाटेत दहा मिनिटं थांबतात, भिंतीवरची चित्रं बघतात, फोटो काढतात, निघतात. चित्रकथी ही भिंतीवर टांगायची चित्रं नाहीत. ती पोथी आहे. एका कथेची चित्रं एका गठ्ठ्यात, कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, वीणा, हुडुक (छोटं तालवाद्य) आणि टाळ यांच्या साथीने तेवढ्या चित्राची कथा गातो, सांगतो, मग पुढचं चित्र. त्याचं बोट चित्रातल्या डोळ्यांवर, धनुष्यावर, रथाच्या चाकावर फिरतं आणि सपाट वाटणारं चित्र हलायला लागतं. ते ऐकायचं तर एक-दोन दिवस आधी फोन करून वेळ ठरवा, किती माणसं येणार ते सांगा आणि मानधन किती ते आधीच विचारा. कमी करायला सांगू नका.

दुसरी सकाळ सावंतवाडीला. आधी राजवाडा, मग लाकडी खेळण्यांची चितार आळी. राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवताना प्रत्यक्ष पाहता येतात. भेटीची वेळ आणि सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्या, आणि कारागिराच्या खांद्यावरून वाकून पाहू नका. एवढ्याशा गोल पानावर केसासारखी रेघ ओढताना हात हलला की पान गेलं. चितार आळी मोती तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे दुकानांच्या मागेच काम चालतं. विचारलंत तर बहुतेक जण कौतुकाने दाखवतात.

उरलेल्या दिवशी समुद्र. उकाडा सहन होत नसेल तर आंबोली घाट सावंतवाडीहून तासाभरावर आहे.

टप्पा ६ : निघण्यापूर्वी

आठ वाजता जेवून घ्या, पण हलकं. पिशवीत काय काय :

- बसायला चटई किंवा जुनी चादर. खुर्च्या असतात, पण त्या गावच्या वडीलधाऱ्यांसाठी सोडाव्यात.
- प्रत्येकाकडे बॅटरी. मोबाइलचा उजेड पुरत नाही. गाडी लावल्यापासून देवळापर्यंतची वाट काळोखी असते आणि उन्हाळ्यात साप बाहेर असतात.
- बंद चपला किंवा बूट, याच कारणासाठी.
- पाणी, डासांचं मलम, मुलांसाठी पातळ पांघरूण. मध्यरात्रीनंतर दव पडतं.
- दहा, वीस, पन्नासच्या सुट्या नोटा.

कपडे साधे आणि सुती, पण देवळात शोभतील असे. समुद्रावरच्या अर्ध्या चड्डीत येऊ नका.

मुलांना संध्याकाळी आख्यानाची गोष्ट सांगून ठेवा. फलकावरचं नाव ओळखीचं नसलं तर घरमालकांना विचारा. गोष्ट माहीत असलेलं मूल तीन तास बसतं, न माहीत असलेलं अर्ध्या तासात "घरी चला" म्हणतं.

टप्पा ७ : मांडवात

फलकावर आठ लिहिलं असलं तरी नाटक साडेनऊला उभं राहू शकतं. जत्रेतलं नाटक तर पालखी झाल्यावर मध्यरात्रीकडे सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं. मे महिन्यातला वाडीचा प्रयोग बऱ्याचदा तीन-चार तासांत आटोपतो. तरीही वेळेवर जा, कारण उशिराने सुरू होण्याआधीचा तास हा बघण्याचाच भाग आहे.

पोचलात की आधी देवदर्शन, मग यजमानांना नमस्कार. पूजा असेल तर प्रसाद नाकारू नका. प्रवेशाला पैसे नसतात. देवस्थानची पावती फाडा, किंवा आरतीचं ताट फिरलं तर त्यात टाका.

मग रंगपटाकडे, म्हणजे कलाकार रंगतात-नेसतात त्या जागेकडे. आत जाण्यापूर्वी मंडळाच्या एखाद्या माणसाला विचारा. परवानगी मिळाली तर दाराशी उभे राहा, मध्ये नाही. आत जमिनीवर ओळीने बसलेले कलाकार, प्रत्येकाच्या पुढे पत्र्याची पेटी, झाकणाला टेकवलेला आरसा, वर एकच पिवळा दिवा. रंगवायला वेगळा माणूस नाही. ज्याचा तोच रंगवतो. चेहऱ्यावर पांढरा थर, त्यावर लाली, भुवयांची काळी कमान. सगळ्या भूमिका पुरुषच करतात, त्यामुळे मिशी काढून गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यावर एकजण कुंकू रेखतो, नऊवारीचा काष्टा आवळतो, केसांचा टोप बसवून वळतो, आणि आत्ताच आपल्याशी चहा घेत बोलणारा माणूस दिसेनासा होतो. तयारी झाली की गणपतीची आरती होते. आरतीच्या वेळी बोलू नका, फोन खिशात.

*सावधान :* अर्धा रंगलेला चेहरा आणि नेसू बदलणारा कलाकार यांचे फोटो काढू नका. हा त्यांच्या मानाचा प्रश्न आहे.

बसायला जागा निवडताना साथीदारांच्या बाजूला थोडं सरकून, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बसा. पायपेटी (पायाने भाता चालवायची हार्मोनियम), पखवाज आणि झांज एका बाजूला असतात. कलाकार बोलता बोलता त्यांच्याकडे बघून इशारा करतो आणि पखवाज उत्तर देतो, ते तिथूनच दिसतं. भोंग्याच्या अगदी समोर बसू नका.

रंगमंचावर सहसा एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. नेपथ्य कुठे आहे म्हणून शोधत बसू नका, शब्द ऐका. दोन राजे समोरासमोर आले की वादविवाद सुरू होतो, कधी धर्मावर, कधी पतिव्रतेच्या सामर्थ्यावर, आणि तो दहा-पंधरा मिनिटं चढत जातो. नवखे प्रेक्षक लढाईची वाट पाहत इथेच कंटाळतात. नाटकाचा जीव मात्र याच बोलण्यात आहे. म्हातारी माणसं माना कशी डोलावतात ते पाहा, म्हणजे कुठलं वाक्य बसलं ते कळेल.

फ्लॅश वापरू नका. उभं राहून चित्रीकरण करू नका, मागे बसलेल्या आजी वर्षभर या रात्रीची वाट पाहत असतात. दोन मिनिटांचं चित्रीकरण पुरे. सगळं नाटक थेट प्रक्षेपित करायचं तर मंडळाची परवानगी लागते.

एखादं पद किंवा भूमिका आवडली तर बक्षीस देता येतं. ते कलाकाराच्या हातात परस्पर कोंबू नका. शेजारच्या गावकऱ्याला विचारा, तो रीत सांगेल. नाव पुकारलं जातं, त्यामुळे चिठ्ठीवर नाव आणि गाव लिहून द्या.

मूल झोपलं तर झोपू द्या, चटईवर कितीतरी मुलं झोपलेली असतात. निघायचंच असेल तर प्रवेश बदलताना बाजूने निघा.

टप्पा ८ : परतीची वाट

झोप येत असेल तर गाडी चालवू नका. उजाडेपर्यंत मांडवात बसणं सुरक्षित. सावंतवाडी-दोडामार्ग-आंबोलीच्या बाजूला रात्री गवे रस्त्यावर येतात. वळणावर वेग कमी, दिवे खाली, आणि गवा दिसला तर भोंगा न वाजवता थांबून राहा. नकाशा आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा, बऱ्याच वाड्यांत रेंज नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही ठरवू नका. सलग दोन रात्री नाटकं पाहायचा मोह होतो. एक रात्र आड पाहा.

पाऊस आलाच, तर छपराखालचे प्रयोग होतात, उघड्यावरचे बहुधा रद्द. वळवाच्या सरीनंतर वीज जाते, तेव्हा संध्याकाळी मोबाइल आणि बॅटरी दोन्ही भरून ठेवा. तो दिवस पिंगुळीसाठी वापरा, ते सगळं आत बसून ऐकायचं आहे.

टप्पा ९ : खरेदी, शेवटच्या दिवशी

आधी सगळं पाहा, मग घ्या. पहिल्याच दिवशी महामार्गावरच्या दुकानात घेतलेलं लाकडी फळ चितार आळीत जास्त चांगलं दिसतं, मग हळहळ होते.

गंजिफाचा पूर्ण संच घेणार असाल तर पानं मोजा. दशावतारी गंजिफात १२० पानं : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा. मोगल गंजिफात ९६, म्हणजे आठ रंग. संच हातानं रंगवलेला की छापलेला ते विचारा. किमतीतला मोठा फरक त्यातूनच येतो. हाताचं पान भिंगाखाली किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलंत तर रेघेची जाडी जागोजाग थोडी बदललेली दिसते, छापील पानावर ठिपके दिसतात. पूर्ण संच परवडत नसेल तर सुटी पानं मिळतात का विचारा.

खेळण्यांत भोवरा, भाजीची टोपली, भातुकली घेताना अगदी लहान बाळासाठी घेत असाल तर रंग कोणता आहे ते विचारा, कारण ते तोंडात जाणार. ओल्या फडक्याचा कोपरा बुडाशी घासून पाहायची परवानगी घ्या. रंग फडक्याला लागला तर ते कपाटात ठेवायला घ्या, बाळाच्या हातात नको.

चित्रकथीचं चित्र चित्रकाराकडूनच घ्या आणि कुठला प्रसंग आहे, कथेत त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय होतं, हे त्यांच्या तोंडून ऐकून मागच्या कागदावर लिहून ठेवा. चित्र दुमडू नका. पुठ्ठ्याची नळी कुडाळच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात मिळते. रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, वर प्लास्टिक घाला, आणि गाडीत वरच्या फळीवर आंब्यांच्या पेटीखाली न ठेवता हातात घेऊन बसा.